सोमवारी २६ जानेवारी आलीय: सात गाड्या, नऊ जण, भंडारदऱ्याला टेंट. शुक्रवारी रात्रीच निघावं का?

स्प्लेंडर_कोथरूड

नमस्कार मंडळी, ऑफिसच्या ग्रुपवर दिवाळीपासून नुसतं जाऊ जाऊ चाललेलं, आता २६ जानेवारी सोमवारी आलीय त्यामुळे सलग तीन दिवस मिळतायत आणि या वेळी खरंच जायचं ठरलंय. नऊ जण, सात गाड्या. दोन क्लासिक ३५०, एक हिमालयन (जुनी ४११), एक पल्सर १५०, एक एफझी, माझी स्प्लेंडर आणि एक अ‍ॅक्टिव्हा. हो, अ‍ॅक्टिव्हा. तिच्या मालकाला समजावून झालंय, तो ऐकत नाही. दोघं डबलसीट. एफझी आमच्यातली एक मुलगी चालवते, आणि डबलसीटवाल्यांपैकी पण एक मुलगी आहे. तीन टेंट भाड्याने घेतोय, एक हिमालयनवाल्याचा स्वतःचा.

प्लॅन असा की शुक्रवारी संध्याकाळी सातला हिंजवडीतून सगळे एकत्र निघायचं, अकरा-बारापर्यंत भंडारदरा, पाण्याच्या कडेला जागा बघून टेंट ठोकायचे, शेकोटी, गाणी वगैरे. शनिवारी सांधण व्हॅली, रविवारी रतनगड, सोमवारी आरामात परत. हिमालयनवाला म्हणतो ऐंशी-नव्वदने गेलो तर साडेतीन तासात पोचू.

तर विचारायचं हे की रस्ता कुठून घ्यावा, संगमनेर-अकोले करून की बोट्यावरून आत कोतूळमार्गे? टेंट कुठे लावू देतात, शेकोटी चालते का, आणि थंडी किती असते? आमच्यातले तिघं जण सिंहगडाच्या पुढे कधी गाडी घेऊन गेलेले नाहीत, त्यामुळे जरा नीट सांगा. "गूगल करा" म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

वाकड_चौक_पीडित

शुक्रवारी सातला हिंजवडीतून निघताय ना, मग आठ वाजता वाकडच्या पुलावर पोचलात की इथे कळवा, पुढचं सांगतो.

चेन_ढिली

वरच्याने चेष्टा केलीय पण मुद्दा तोच आहे. हिंजवडीतून बाहेर पडायला तास, नाशिक फाटा, भोसरी, मोशी, आणि मग चाकण. शुक्रवारी संध्याकाळी, त्यात लाँग वीकेंडच्या आदल्या दिवशी चाकण म्हणजे एमआयडीसीच्या बस, कंटेनर आणि गावाला निघालेलं अख्खं पिंपरी चिंचवड एकाच रस्त्यावर. राजगुरुनगरच्या पुढे जाईपर्यंतच क्लच दाबून दाबून डावा हात कामातून गेलेला असतो, आणि खरा रस्ता तर तिथून पुढे चालू होतो.

पण ट्रॅफिकपेक्षा मला रात्रीची भीती वेगळ्या गोष्टीची वाटते. जानेवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. मंचर, नारायणगाव, आळेफाटा हा सगळा उसाचा पट्टा, रात्रभर ट्रॅक्टर चालू असतात, एकामागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस रुंदीच्या बाहेर आलेला, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा हाय बीम डोळ्यात असताना पुढची ट्रॉली दिसते तेव्हा ती दहा-पंधरा मीटरवर असते. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर जाते, नव्वदला पंचवीस. हा हिशोब तुमच्या हिमालयनवाल्याला दाखवा, त्याच्या गाडीचा लाईट कितीही भारी असू दे. त्यात त्याच पट्ट्यात बिबटे आहेत, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उगाच काढलेलं नाही. गाडीवर जाणाऱ्याला सहसा काही होत नाही पण रात्री उसाच्या कडेला गाडी लावून लघवीला बसायचं नाही एवढं तरी सगळ्यांना सांगा, थांबायचं तर ढाब्यावर, उजेडात.

आणि समजा सगळं सुरळीत होऊन तुम्ही साडेबाराला पोचलात. आता अंधारात अनोळखी जागी, दमलेले, थंडीत काकडत, भाड्याचे टेंट आयुष्यात पहिल्यांदा उघडणार. पोल कुठला कुठे जातो हे कळेपर्यंत दोन जण एकमेकांवर खेकसलेले असतात. टेंट उजेडात लावायची गोष्ट आहे. जानेवारी अखेरीला सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे फार तर साडेचार-पाचला जागेवर पाहिजे.

त्यामुळे शनिवारी पहाटे साडेपाचला नाशिक फाट्याला भेटा. सगळ्यांनी हिंजवडीत यायची काही गरज नाही, कोथरूडवाले कोथरूडवरून येतील. चाकण सातच्या आत पार झालं पाहिजे, नाहीतर तो जाम पण बघायला मिळेल. नारायणगावला मिसळ, आळेफाट्याला पेट्रोल, बोट्याहून डावीकडे आत, ब्राह्मणवाडा, कोतूळ, तिथे मुळा ओलांडायची, मग राजूर आणि शेंडी. शेंडी म्हणजेच भंडारदरा गाव. नाशिक फाट्यापासून १६० किमीच्या आसपास धरा. संगमनेरवरून अंतर वाढतं पण रस्ता मोठा आणि सरळ, कोतूळची बाजू अरुंद, वळणांची आणि बघायला कितीतरी छान. दिवसा जाणार असाल तर कोतूळ, उशीर झाला असेल तर संगमनेर-अकोले. सकाळी निघालात तर थांबत थांबत जेवायच्या वेळेला पोचता, काय घाई आहे.

पेट्रोलचं आळेफाट्याला मुद्दाम लिहिलंय. अ‍ॅक्टिव्हाची टाकी ५.३ लिटरची, लोड घेऊन चाळीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी दोनशे किमीच्या पुढे गणित जात नाही, आणि धरणाची रिंग, म्हणजे पाण्याभोवतीचा फेरा, मारली की चाळीस-पंचेचाळीस किमी आणखी. आत पंप मिळेलच या भरवशावर राहू नका.

बुलेट_राजे_९६

सगळ्यांना घाबरवून काय मिळतं राव. आम्ही कायम रात्रीच निघतो, रस्ता मोकळा असतो, ऊन नाही, थंडीत इंजिन पण मस्त चालतं. पहाटे घाटघरला कोकणकड्यावर सूर्योदय बघायचा असेल तर रात्रीच निघायला लागतं. अ‍ॅक्टिव्हा आणि स्प्लेंडर घरी ठेवा, त्यांना डबलसीट घ्या, प्रश्न संपला. ग्रुप राईडला निदान ३५० पाहिजेच.

चेन_ढिली

राजे, एक तर घाटघरचा कोकणकडा पश्चिमेला आहे, तिथे सूर्योदय बघायचा म्हणजे कड्याकडे पाठ करून उभं राहायचं. सूर्यास्ताला जा, मजा तेव्हा आहे.

दुसरं, तुम्ही जाता ते चार जण वर्षानुवर्षं एकत्र चालवणारे. यांच्यात तिघं सिंहगडाच्या पुढे गेलेले नाहीत. आणि निदान ३५० पाहिजे हे कुणी ठरवलं? दूधवाले त्याच रस्त्यावर स्प्लेंडरला चार चार कॅन बांधून रोज जातात. फक्त स्प्लेंडरवर डबलसीट आणि टेंट दोन्ही नको. जड माणूस आणि जड सामान मोठ्या गाडीवर, स्प्लेंडर आणि अ‍ॅक्टिव्हा सुट्या सोडा, एक सॅक बास.

एफझीवाली_नाही_पण_गिक्सरवाली

कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारते, संडासचं काय? पाण्याच्या कडेला जागा बघून टेंट ठोकायचे हे वाचायला छान वाटतं पण दोन मुली आहेत तुमच्यात, त्यांना विचारलंत का, की त्यांनी "चालेल रे" म्हणून टाकलंय? मुलांना पण लागतोच म्हणा. मी ग्रुपमध्ये जाते तेव्हा पहिला प्रश्न हाच, दाराला कडी लागते असा संडास आहे का. तिथे गावातल्या लोकांनी स्वतःच्या रानात कॅम्प काढलेत, संडास-बाथरूम असलेले, तसलाच बघा. सुट्टीची गर्दी आहे, आधी फोन करून ठेवा, आणि फोनवर टेंट कसा आहे हे विचारायच्या आधी संडास किती आणि लाईट आहे का हे विचारा.

थंडीचं सांगते. तिथे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. पुण्यात पण पहाटे थंडी असतेच पण इथे तुम्ही भिंतीच्या आत असता. पाण्याजवळ दव इतकं पडतं की टेंटवर रात्री कुणीतरी बादली ओतल्यासारखं सकाळी सगळं चिंब असतं. म्हणून अगदी काठाला लावू नका, थंड हवा खोलगट भागात साचते, थोडं वर, जरा चढावर लावा. आणि थंडी वाजते म्हणून टेंटच्या सगळ्या चेन लावून झोपलात तर तुमच्याच श्वासाची वाफ आतून टपकते, वरची जाळी थोडी उघडी पाहिजे. भाड्याच्या दुकानात स्लीपिंग बॅग पातळच देतात बहुतेक, त्यामुळे घरून एक शाल किंवा चादर न्या आणि खाली मॅट नक्की, थंडी जमिनीतून जास्त लागते. ज्या कपड्यात दिवसभर गाडी चालवली त्याच कपड्यात झोपू नका, घामाने दमट झालेले असतात, कोरडा टीशर्ट आणि मोजे वेगळे पिशवीत बांधून ठेवा, ते कपडे काही झालं तरी आधी बाहेर काढायचे नाहीत.

गाडीवर हवा लागते ती वेगळी. पहाटे साडेपाचला निघणार म्हणजे फ्रीजमधली पाण्याची बाटली धरल्यासारखी बोटं होतात. रेनकोट घ्या, पावसासाठी म्हणून नाही, जॅकेटवरून घातला की वारा अडतो. स्वेटरवर स्वेटर चढवून काही होत नाही वारा आत शिरत असेल तर.

आणि डबलसीट बसणाऱ्याच्या पाठीला मोठी सॅक अडकवू नका प्लीज. चढावर ती मागे ओढते, तो चालवणाऱ्याला धरतो, चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. सॅकचं बूड सीटवर किंवा कॅरिअरवर टेकलं पाहिजे, पट्टे फक्त तोल सांभाळायला.

अकोलेकर_सध्या_चिंचवड

मी त्याच तालुक्यातला, शेंडीच्या अलीकडचं गाव आहे आमचं. वरती बऱ्याच जणांनी चांगलं लिहिलंय, थोडं माझं.

पहिलं म्हणजे हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. शेंडीला वनखात्याचा नाका आहे, तिथे माणसाची नि गाडीची पावती फाडायची, ती पावती खिशात ठेवायची. दारूच्या बाटल्या तपासतात, आणि तपासत नसते तरी आणू नका. बाकी मला सांगा, तुम्ही मुंबई-पुण्यातून येता, रात्री दोन वाजेपर्यंत स्पीकर लावता, आमच्या लोकांना पहाटे उठून गुरांचं बघायचं असतं. गाणी म्हणा ना, तोंडाने म्हणा, त्याला कोण नाही म्हणतंय.

शेकोटी. जंगलात, झाडाखाली, गवतावर पेटवायची नाही. जानेवारीत गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरते, वणवा लागला की डोंगर काळा होतो आणि विझवायला गावातलीच पोरं झावळ्या-फांद्या घेऊन पळतात. अभयारण्यात असला जाळ हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा पण आहे. गावातल्या कॅम्पवर राहिलात तर मालक अंगणात लोखंडी घमेल्यात शेकोटी करून देतो, लाकडं तोच देतो, बसा शेकत. लाकडं तोडायला मात्र फिरू नका.

टेंट कुठे लावायचा तर ज्याची जमीन त्याला विचारून. तुम्हाला वाटतं मोकळं रान आहे, ते कुणाचं तरी भातखाचर असतं. भात निघालेलं असतं हे खरं पण बऱ्याच ठिकाणी मागून हरभरा, मसूर टाकलेला असतो, बारीक असतो, अंधारात गाडीखाली जातो आणि कळत पण नाही. बांधावरून बुलेट चढवली की बांध फुटतो. रतनवाडी, मुतखेल, साम्रद, घाटघर, कुठेही विचारा, माणशी पैसे ठरवून जागा आणि जेवण दोन्ही मिळतं. जेवण सकाळीच सांगून ठेवायचं, नऊ जणांच्या भाकरी ऐन वेळी थापून होत नाहीत. पिठलं, भाकरी, ठेचा, भात, कोंबडी पाहिजे तर तीही. ते मॅगीचे पुडे राहू द्या घरी.

अमृतेश्वराचं देऊळ रतनवाडीत बघाच, इतकं कोरीव काम एवढ्या आडबाजूला कुणी केलं असेल असं वाटतं. पुष्करणीत उतरून पाय धुवू नका. धरण इंग्रजांच्या काळातलं, १९२६ साली पूर्ण झालं, विल्सन डॅम म्हणतात. पण धबधबे बघायला आला असाल तर जानेवारीत काही नाही, ते पावसाळ्यात.

आता तुमचा प्लॅन. सांधण, रतनगड आणि दोन दिवस गाडी, असं सगळं एका सुट्टीत कोंबू नका. सांधणमध्ये नुसते दगड आहेत, घरंगळलेले मोठमोठे धोंडे, आणि मध्ये पाणी लागतं, बर्फासारखं गार. तिथे पाय मुरगळला तर गाडी चालवून पुण्याला कोण नेणार? घोट्याला सूज असली की गिअर पडत नाही. एक काय ते ठरवा. रतनगडाला शिड्या आहेत, आग्या मोहोळं असतात, सेंट मारून आणि सिगारेटी ओढत जाऊ नका. नेटवर्क घाटघर-साम्रदकडे जातं, मॅप आधी उतरवून ठेवा. काही झालंच तर १०८, आणि राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे.

स्प्लेंडर_कोथरूड

बाप रे, एवढं सगळं अपेक्षित नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. ग्रुपवर तुमचे रिप्लाय टाकले, अर्धा तास भांडण झालं आणि शुक्रवार रद्द, शनिवारी पहाटेवर आलो. हिमालयनवाला रुसलाय पण येईल. संडासचा प्रश्न दोघींना विचारला, दोघी एकदम म्हणाल्या "बरं झालं कुणीतरी विचारलं".

आता अजून दोन गोष्टी. सात गाड्या एकत्र कशा चालवायच्या? कारण आमच्यात आत्ताच "ज्याला जसं जमेल तसं या, आळेफाट्याला भेटू" असं चाललंय. आणि गाड्यांचं काय काय बघून घ्यायचं, सोबत काय ठेवायचं?

चेन_ढिली

आळेफाट्याला भेटू म्हणजे एक जण नारायणगावला पंक्चर काढत बसणार आणि बाकीचे सहा जण आळेफाट्याला तिसरा चहा पीत त्याला शिव्या घालणार.

सात गाड्यांची एक रांग लांब होते, मध्ये ट्रक घुसतात. तीन आणि चार असे दोन गट करा. प्रत्येक गटात पुढे एक ज्याला रस्ता माहितीय, त्याच्या लगेच मागे सगळ्यात हळू गाडी, शेवटी सगळ्यात तरबेज माणूस, हत्यारं त्याच्याकडे. हळू गाडीला शेवटी टाकतात लोक, तिथेच घोळ होतो, ती बिचारी गाठायच्या नादात वळणावर ओव्हरटेक करते. अ‍ॅक्टिव्हा दुसऱ्या नंबरला असली की पुढच्याला आरशात ती सतत दिसते आणि स्पीड आपोआप बसतो. पन्नास-साठ, बास. तुमचा हिमालयनवाला रुसलाय ना, त्याला शेवटी ठेवा आणि सांगा की सगळ्यांची जबाबदारी तुझ्यावर, रुसवा जातो.

नियम एकच पाळला तरी चालेल, आपल्या मागची गाडी आरशात दिसत नसेल तर हळू व्हायचं, तरी दिसली नाही तर थांबायचं. प्रत्येक जण फक्त मागच्या एकाला बघणार. आणि वळायचं असेल तिथे, म्हणजे बोट्याचा फाटा, तिथे मागचा येऊन दिसेपर्यंत पुढच्याने कोपऱ्यावर उभं राहायचं, मोबाईलवर लोकेशन टाकून पुढे सटकायचं नाही. हायवेला तिरपे तिरपे चाला, एक डावीकडे एक उजवीकडे, पण वळणावळणाच्या रस्त्याला एकामागे एक. उतारावर न्यूट्रल किंवा क्लच दाबून गाडी सोडणारे असतात, त्यांना आत्ताच सांगा. स्प्लेंडरला ड्रम ब्रेक असतील तर लांब उतारावर ते तापून धरेनासे होतात, गिअर खालचा ठेवायचा, इंजिननेच गाडी अडते. अ‍ॅक्टिव्हाला ते फार होत नाही, म्हणून तिने उताराला अंतर जास्त ठेवायचं.

हेल्मेट, डबलसीटवाल्याला पण. पुण्यात या विषयावर बोललं की आंदोलन होतं म्हणून एवढंच.

लाईनर_आणि_केबल

गाड्यांचं मी सांगतो, धंदाच आहे आपला.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करा आणि मग त्या आठवड्यात रोज ऑफिसला चालवा. नवीन टाकलेलं काही ढिलं राहिलं असेल तर ते चांदणी चौकात कळू दे, कोतूळच्या पुढे नको. ब्रेकचे लाईनर, पॅड, चेन-स्पॉकेट, टायरची नक्षी, क्लच केबल, सगळे बल्ब. क्लच केबल तुटायला आली की लिव्हरच्या टोकाशी एक एक तार उसवते, बोटाला टोचते, बघून घ्या. नवीन केबल सोबत ठेवायची तर सुटी पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या केबलच्या बाजूनेच ओढून टाय मारून ठेवा, तुटली तर दोन टोकं जोडली की पाच मिनिटात चालू. क्लासिकच्या दोघांनी हे कराच.

पंक्चर. एफझी ट्यूबलेस, तिला पट्टीचं किट आणि छोटा पंप पुरतो, रस्त्यात दहा मिनिटात होतं. पल्सर नि क्लासिक मॉडेल बघून काय ते बघा, तारांची चाकं असतील तर ट्यूब आहे असं धरून चाला. हिमालयन ४११ ला पुढे २१ इंची चाक, ती ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळायची नाही, स्वतः घेऊन जायची. स्प्लेंडरची १८ ची कुठेही मिळते. डबलसीट आणि सामान असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते, किती ते चेन कव्हरच्या किंवा स्विंगआर्मच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, अंदाजे "टाक रे पस्तीस" असं करू नका.

सामान बांधताना जड खाली आणि पुढे, हलकं वर. सायलेन्सरच्या बाजूची बॅग सायलेन्सरला टेकतेय का ते माणूस बसल्यावर बघा, रिकाम्या गाडीवर अंतर असतं, माणूस बसला की शॉकअप दबतो आणि बॅग चिकटते, वितळलेल्या नायलॉनचा वास यायला लागतो तोवर आतला स्वेटर गेलेला असतो. बंजी दोरीचं टोक लोंबकळत ठेवू नका, चेनमध्ये जातं.

कॅम्पवर माती मऊ असते, साईड स्टँड रात्रीत रुततो आणि गाडी आडवी. स्टँडखाली चपटा दगड ठेवा. टेंटच्या खुंट्या भाड्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, मुरमात वाकतात, हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची जाड खिळे घेऊन जा, स्वस्तात काम होतं, आणि निघताना मोजून परत घ्या, गुरांच्या पायात जातात.

बुलेट_राजे_९६

केबलचं भारी सांगितलं भाऊ, हे माहिती नव्हतं. बाकी सूर्योदयाचा मुद्दा मागे घेतो, सकाळी रतनवाडीकडून पाण्यावर धुकं असतं ते पण काही कमी नाही. रात्रीच्या राईडवर मात्र मी ठाम आहे, ज्याला सवय आहे त्याने जावं.

खर्चाचा_हिशोब

कॉन्ट्री आत्ताच काढा. कॅम्पचा अ‍ॅडव्हान्स, टेंटचं डिपॉझिट, एकाकडे जमा करा. व्हॉट्सअपवरचा अंगठा म्हणजे येणार असं नसतं, पैसे भरलेला माणूस येतो. पेट्रोल ज्याचं त्याचं ठेवा, डबलसीटवाल्याने चालवणाऱ्याच्या पेट्रोलचे अर्धे द्यायचे, बाकी सगळं समान. अ‍ॅक्टिव्हावाला आणि क्लासिकवाला पेट्रोल समान वाटायला लागले की परतीच्या वाटेवर मैत्री संपते.

आणि तिघं नवीन आहेत ना, मग आधीच्या एखाद्या रविवारी सातही गाड्या घेऊन पाबे घाटातून वेल्हे, केळद, मढे घाट करून या. एका दिवसात होतं. सगळं सामान बांधून जा, टेंट पण, तिथे एकदा उघडून बघा पोल पुरे आहेत का. कोण दमतो, कोणाची गाडी तापते, कोण ऐकत नाही, सगळं तिथेच कळतं. त्या दिवशी ज्याला नको वाटलं तो आपणहून गळतो, कुणाला काढावं लागत नाही.

गिक्सरवाली

+१, आणि त्या दिवशी डबलसीट बसणाऱ्यांना पण घ्या. दीडशे किमी मागे बसायची सवय लागते, कंबर बोलते.

अजून एक, गॅसचा छोटा स्टोव्ह नेणार असाल तर चहापुरताच न्या, आणि टेंटच्या आत पेटवायचा नाही, शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून आत घेऊन झोपायचं तर अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. साध्या ब्युटेनच्या डब्याची ज्योत पहाटेच्या थंडीत मंद होते, रात्री डबा टेंटमध्ये कपड्यात गुंडाळून ठेवला तर सकाळी नीट पेटतो.

स्प्लेंडर_कोथरूड

ठरलं. या रविवारी मढे घाट, सामान बांधून. शनिवारी २४ ला पहाटे साडेपाच नाशिक फाटा, दोन गट, कोतूळमार्गे. राहायला रतनवाडीकडे एक कॅम्प बोलून ठेवलाय, चार संडास आहेत, पैकी दोन दरवाजाला कडी असलेले असं मालक स्वतः हसत म्हणाला. शनिवारी फक्त रिंग आणि संध्याकाळी घाटघर, रविवारी रतनगड, सांधण या वेळी नाही. पैसे मागितल्यावर नवाचे आठ झाले, एक जण "घरी पाहुणे येणारेत" म्हणाला. सोमवारी किती वाजता निघावं, तेवढं सांगा कुणीतरी.

अकोलेकर_सध्या_चिंचवड

सोमवारी सकाळी नाश्ता करून नऊला निघा. दुपारनंतर निघालात तर नारायणगावपासून पुढे सगळी परतीची गर्दी लागते आणि चाकणला अंधार होतो. टेंट ओले असतील, तसेच गुंडाळले तर चालतील पण घरी जाऊन गच्चीवर वाळवून मगच दुकानात द्या, नाहीतर डिपॉझिट कापतात. प्लास्टिक, बाटल्या सोबत घेऊन जा, शेंडीच्या कचराकुंडीत टाकू नका, ती आधीच भरलेली असते. आणि शाळेजवळून जाल तेव्हा हळू, झेंडावंदन असतं, पोरं रस्त्यावरच असतात.